निळ्या थराची चोरी

१

"आत्या, चोरी झालीय," मी फोनवर म्हणाले.

"काय गेलं?"

"रंग."

पलीकडे गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, "ये इकडे. चहा टाकते. आणि येताना रडून घे सगळं, इथे रडत सांगू नकोस. मला रडण्यातले शब्द कळत नाहीत."

माझी आत्या म्हणजे मोडलेल्या वस्तूंची डॉक्टरीण. यंत्राचा दांडा तुटला, नळी फुटली, बोल्ट गंजला, की कारखान्यातून तिला बोलावणं यायचं. ती तुकडे मायक्रोस्कोपखाली धरायची आणि दोष कोणाचा ते सांगायची. बहुतेक वेळा ज्याच्यावर आळ असायचा तो सुटायचा आणि ज्याने आळ घेतलेला असायचा तो तोंड लपवायचा. निवृत्त झाल्यावर तिने मायक्रोस्कोप घरी आणला आणि जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसवला. पाहुणे आले की ताटं दुसऱ्या टोकाला सरकतात.

मी पिशवीतून पट्ट्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. आधीच्या आणि आताच्या, दोन ओळींत.

माझं काम तसं सांगायला सोपं आहे. टायटॅनियमची बोटाएवढी पट्टी पॉलिश पेपरवर घासायची, अल्कोहोलच्या बीकरमध्ये रात्रभर उभी करून ठेवायची, आणि सकाळी द्रावणात टांगून वीज सोडायची. धातूवर ऑक्साइडचा थर चढतो. तो इतका पातळ असतो की त्याचा स्वतःचा रंगच नसतो, त्याच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळल्यामुळे तो रंगीत दिसतो. जेवढं व्होल्टेज, तेवढा थर. जेवढा थर, तसा रंग. माझ्या पट्ट्या निळ्या व्हायच्या. या काठापासून त्या काठापर्यंत एकसारख्या निळ्या, आणि थर असा घट्ट की वीज जराही झिरपायची नाही. शरीरात बसवायच्या यंत्रासाठी अशाच इलेक्ट्रोडची गरज असते. त्या निळ्यावर माझा लेख छापून आला होता, प्रकल्प मिळाला होता, आणि घरी चार लोकांत मान मिळाला होता.

आणि आता पट्ट्या अशा निघत होत्या: इथे निळं, तिथे पिवळट, मधेच मातकट, मुका मार लागल्यावर कातडी दिसते तशा.

"द्रावण तेच, व्होल्टेज तेच, हात माझेच," मी म्हणाले. "कोणीतरी माझ्या पट्ट्यांचा घात करतंय. आणि परवा समिती येतेय. त्यांच्यासमोर निळी पट्टी निघाली नाही तर लेख मागे घ्यायचा, प्रकल्प बंद, आणि मी खोटारडी. आत्या, नोकरी गेली तर दुसरी बघेन, पण खोटारडी म्हणून कोण घेणार मला?"

आत्याने एक पट्टी उचलली. "समितीपुढे तक्रार कोणाची?"

"एका प्राध्यापकांची. त्यांनी माझी पद्धत वापरून त्यांच्याकडे पट्ट्या केल्या. निळ्या झाल्या नाहीत. ते म्हणतात, हिने फोटो रंगवले."

"आणि तुझा संशय?"

मी एका दमात सांगितलं, "घुम्यावर."

२

घुम्या म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी. माणूस काचेवर काम करतो, आणि काचेइतकंच बोलतो. संस्थेत कायमची एकच जागा निघाली होती आणि तिला अर्ज दोघांचे होते, त्याचा आणि माझा. मी खोटारडी ठरले की जागा त्याची. याहून सरळ हिशोब कोणता?

शिवाय त्याचं वागणं. कोणाचाही चहाचा कप टेबलावर दिसला की हा उचलून विसळणार. प्यायचा राहिला असला तरी विसळणार. एकदा माझा अर्धा चहा त्याने असा बेसिनला पाजला आणि वर एक शब्द नाही. चमचे, झाकणं, माझ्या लेकीची माझ्याकडे राहिलेली पाण्याची बाटली, काहीही. स्वच्छतेचं असं वेड असलेल्या माणसाची मला भीती वाटते.

"सूचना मॅडम आल्यापासून तेवढं तरी थांबलं," मी आत्याला म्हणाले.

सूचना मॅडम म्हणजे आमच्या नव्या व्यवस्थापक. सुट्टीनंतर त्या रुजू झाल्या आणि भिंती सूचनांनी भरल्या. नळ बंद करा. खुर्ची आत सरकवा. कोणाचा तरी महत्त्वाचा नमुना कोणीतरी कचरा समजून टाकला, त्यावरून सगळ्यात मोठी सूचना लागली: एकाच्या वस्तूला दुसऱ्याने हात लावू नये. पॉलिश पेपरसुद्धा त्यांनी नव्या दुकानातून आणवला होता, त्यामुळे माझ्या संशयितांच्या यादीत त्यांचाही नंबर होता. आणि तक्रार करणारे प्राध्यापक तर होतेच. त्यांची स्वतःची वेगळी पद्धत होती आणि माझी बुडली की ती तरणार होती.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग ती मायक्रोस्कोपवर वाकली आणि तिथेच राहिली. माझा चहा गार झाला, तिचाही.

"तुझे ओरखडे मी कुठेही ओळखेन," ती मान न उचलता म्हणाली. "डावखुरी आहेस, उजवीकडे कललेले काढतेस. जुन्या आणि नव्या दोन्ही पट्ट्यांवर तेच आहेत. म्हणजे घासण्यात कोणी ढवळाढवळ केलेली नाही. पण एक सांग, चोर कितीजण असावेत?"

"एक. का?"

"तुझ्या प्रयोगशाळेत शिरून कोणीतरी पट्ट्या बिघडवतो, ठीक. पण त्या प्राध्यापकांच्या पट्ट्या त्यांच्या गावी बिघडल्या. एवढे लांब हात असलेला चोर मी अजून पाहिलेला नाही. उद्या मी तुझ्याबरोबर येते."

३

संचालकांनी आत्याला पूर्वी अनेकदा बोलावलेलं होतं, त्यामुळे दार उघडायला त्रास पडला नाही. "आत्या म्हणून नाही, जाणकार म्हणून येताय," ते म्हणाले. "जाणकार आत्या म्हणून येतेय," आत्या म्हणाली आणि आत शिरली.

पहिली पाळी सूचना मॅडमची.

"पेपर का बदलला?"

"आधीचा दुकानदार वेळेवर देत नव्हता," मॅडम म्हणाल्या. "जात तीच आहे, खरखरीतपणा तोच आहे. जुना गठ्ठा कपाटात शिल्लक आहे, हवा तर तपासा."

आत्याने तो तिथल्या तिथे काढायला लावला. मी सकाळीच जुन्या पेपरवर एक पट्टी घासली, अल्कोहोलमध्ये ठेवली, दुपारी द्रावणात टांगली. निघाली ती मातकटच. मॅडम संशयातून सुटल्या, आणि सुटल्याचा आनंद त्यांनी आणखी एक सूचना चिकटवून साजरा केला.

"तुमची ती मोठी सूचना," आत्याने विचारलं, "तिचा उपयोग झाला?"

"झाला म्हणजे? आता कोणी कोणाच्या टेबलाकडे बघतसुद्धा नाही."

आत्याने नुसती मान डोलावली.

मग घुम्या. तो कोपऱ्यातल्या टाकीपाशी उभा होता. सोनिकेटर म्हणतात तिला: पाण्याने भरलेली स्टीलची छोटी टाकी, बटण दाबलं की बारीक सूर काढत थरथरते आणि आत ठेवलेल्या वस्तूच्या फटीफटींतली घाण सुटते. घुम्या आपली काच तिच्यात धूत होता. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी हे त्याचं रोजचं काम.

"नमस्कार," आत्या म्हणाली. "माझ्या भाचीच्या पट्ट्यांना तुम्ही हात लावता?"

त्याने काच काढून निथळत ठेवली. हात पुसले. माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"आता नाही," तो म्हणाला.

मी जवळजवळ ओरडलेच, "आता नाही म्हणजे? आधी लावत होतात?"

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडम दारात आल्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर ती मोठी सूचना. घुम्याने तोंड मिटलं, काच उचलली आणि तो निघून गेला.

४

"कबूल केलं त्याने!" घरी येताना मी म्हणत होते. "तुझ्यासमोर कबूल केलं. आत्ता संचालकांना फोन करते."

"कर की. काय सांगशील?"

"की तो हात लावायचा."

"कधी?"

"आधी."

"आधी तुझ्या पट्ट्या कशा होत्या?"

मी फोन पिशवीत ठेवला. आधी माझ्या पट्ट्या निळ्या होत्या.

घरी पोचताच आत्याने टेबलावरची ताटं सरकवली. "बैस. तुला दोन गोष्टी दाखवते. ही नवी पट्टी. ओरखड्यांच्या आत बघ, काय दिसतंय?"

मी भिंगातून पाहिलं. ओरखडे म्हणजे नांगरलेल्या शेतासारखे चर, आणि चरांत काळे टोकदार कण रुतून बसलेले.

"पॉलिश पेपरचे कण," आत्या म्हणाली. "तुझा धातू मऊ. घासताना कागदाचे कण सुटतात आणि त्याच्यात घुसतात. धूळ न पुसता भिंतीला रंग दिला तर काय होईल? तेच झालंय. जिथे कण, तिथे थर नीट चढत नाही, वीज झिरपते, रंगाचे डाग पडतात. आता ही जुनी, निळी. बघ."

तेच चर. तोच कल. आणि चर रिकामे, झाडून काढल्यासारखे.

"मी तर दोन्ही अल्कोहोलमध्येच ठेवल्या!"

"नुसतं भिजत ठेवून हे कण निघायचे नाहीत, ते रुतलेत. त्यांना कोणीतरी हलवून काढलंय. आता दुसरी गोष्ट. जुन्या पट्ट्यांच्या खालच्या दोन कोपऱ्यांत हे फिकट ठिपके कसले?"

मला हसू आलं. "ते तीळ. मी त्यांना तीळ म्हणते. माझ्या पट्ट्यांना जन्मापासून असतात. चिमट्याने पडत असतील."

"चिमटा तू वरून लावतेस. हे खाली आहेत. आणि नव्या पट्ट्यांना एकही तीळ नाही, तुझ्या लक्षात आलं होतं?"

आलं नव्हतं. इतक्या दिवसांत मी रंगाकडे बघत होते, तिळाकडे कोण बघतं?

"तीळ थराच्या खाली आहे, म्हणजे थर चढायच्या आधी पडला," आत्या म्हणाली. "पण घासण्याच्या आधी पडला असता तर घासण्यात पुसला गेला असता. म्हणजे तो पडला मधल्या वेळात, बीकरमध्ये. पट्टी बीकरमध्ये उभी असते ती याच दोन कोपऱ्यांवर. ते कोपरे काचेवर पुन्हापुन्हा घासले गेलेत. आता सांग, टेबलावर ठेवलेला बीकर आपण होऊन थरथरतो का?"

माझ्या डोळ्यांपुढे कोपऱ्यातली ती टाकी आली. बारीक सूर काढणारी. आणि तिच्याजवळ उभा असलेला, दुसऱ्याचा कप दिसला की विसळल्याशिवाय न राहणारा माणूस.

"आत्या," मी म्हणाले, "तो माझ्या पट्ट्या धुवत होता!"

"आता रड हवं तर," आत्या म्हणाली. "आता कळतंय मला."

५

दुसऱ्या दिवशी समिती बसण्याआधी आम्ही घुम्याला गाठलं. या वेळी दार लावून घेतलं, म्हणजे ती मोठी सूचना बाहेरच राहिली.

"तिचा बीकर तुम्ही टाकीत ठेवायचात," आत्या म्हणाली.

"हो."

"का?"

त्याने टेबलावरचं एक झाकण उचलून पुसलं. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला, आणि त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

"या रोज मुलीला पाळणाघरातून आणायला पळत जायच्या. बीकर तसाच टेबलावर. अल्कोहोल गढूळ झालेलं दिसायचं. मी माझी काच टाकीत लावतच होतो. बाजूला जागा होती. अल्कोहोल बदलायचं, ठेवायचं, काढून परत जागेवर. नंतर ती सूचना लागली. म्हटलं, आपण उगाच लोकांच्या वस्तूंना हात लावतो, बरं नव्हे. बंद केलं."

"मला एकदा सांगायचं तरी!" मी म्हणाले.

"धुतलं एवढंच. त्यात सांगण्यासारखं काय?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. धातूशी त्याचा संबंध नाही, आणि भांडं धुतल्याने शेजारणीचा शोध लागतो हे कोणाच्या डोक्यात येईल? माझ्या लेखात जी पद्धत छापली गेली तिच्यातली नेमकी एक पायरी मला माहीतच नव्हती, कारण ती माझ्या पाठीमागे होत होती. प्राध्यापकांनी माझा शब्द न् शब्द पाळला आणि म्हणूनच त्यांच्या पट्ट्या मातकट झाल्या. बिचारे खोटं बोलत नव्हते. मीही नव्हते.

आत्या त्याला म्हणाली, "हे समितीपुढे सांगाल? नीट विचार करा. तुम्ही गप्प राहिलात तर ती जागा तुमची आहे."

घुम्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"टाकीतलं पाणी बदलायला हवं," तो म्हणाला. "कालचंच आहे."

आणि तो बादली आणायला गेला.

६

समिती आली. तक्रार करणारे प्राध्यापक सगळ्यांत पुढे, हातात त्यांच्या मातकट पट्ट्यांची पेटी. आत्याने त्या मायक्रोस्कोपखाली धरल्या आणि चरांतले कण त्यांनाच दाखवले. मग मी एक पट्टी कापून दोन तुकडे केले. दोन्ही तुकडे एकाच कागदावर, प्राध्यापकांच्या डोळ्यांदेखत घासले. एक तुकडा अल्कोहोलच्या बीकरमध्ये टेबलावर राहिला. दुसरा बीकर घुम्याने टाकीत ठेवला आणि बटण दाबलं.

खोलीत तो बारीक सूर घुमू लागला. इतके दिवस माझ्या नशिबात वाजत होता आणि मी कधी ऐकला नव्हता, कारण तो सुरू व्हायच्या वेळी मी पाळणाघराच्या जिन्यात असायचे.

मग दोन्ही तुकडे एकाच चिमट्याला शेजारी शेजारी लावून द्रावणात सोडले. व्होल्टेज हळूहळू वर नेलं. आधी दोन्ही सोनेरी झाले, मग जांभळे. प्राध्यापक टेबलावर वाकले होते. मी तुकड्यांवर नजर ठेवली, बटण आत्याने धरलं.

तुकडे बाहेर काढले. एकावर पिवळट-मातकट डाग. दुसरा निळा. या काठापासून त्या काठापर्यंत निळा, आणि खालच्या कोपऱ्यांत दोन तीळ.

मी ढसाढसा रडले. समितीसमोर, संचालकांसमोर, सूचना मॅडमसमोर. रडू नका अशी सूचना अजून लागलेली नव्हती.

प्राध्यापकांनी निळा तुकडा खिडकीपाशी नेऊन खूप वेळ पाहिला. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "आमच्याकडेही अशी टाकी आहे," ते म्हणाले. "कोपऱ्यात धूळ खात पडलीय. बाई, मी तुम्हाला खोटारडी म्हणालो होतो. तो शब्द मी सगळ्यांसमोर परत घेतो." त्यांचे मी मनापासून आभार मानले. ते भांडले नसते तर तो अर्धवट लेख तसाच जगभर फिरत राहिला असता, आणि कोणाच्या तरी शरीरातल्या यंत्रात झिरपणारी पट्टी गेली असती.

संचालकांनी घुम्याला विचारलं, "तुम्हाला या संशोधनात नाव हवं असेल ना?"

"धुतलं फक्त," घुम्या म्हणाला.

नाव मी घातलंच. दुरुस्ती छापून आली तिच्यात टाकीची पायरी आहे आणि तिच्यापुढे त्याचं नाव आहे. माझा प्रकल्प वाचला. कायमची जागा मात्र त्याला मिळाली. वाईट वाटलं का? थोडं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ज्या माणसाने तोंड मिटून बसायच्या ऐवजी बादली उचलली, त्याला ती मिळाली याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि तो अजून पुरतोय.

सूचना मॅडमनी त्याच दिवशी मोठी सूचना काढून तिथे नवी लावली: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावल्यास कृपया त्याला सांगावे.

आत्याला मी मिठी मारली तेव्हा ती म्हणाली, "मला कशाला? मी फक्त बघितलं. करणारा तिकडे बसलाय."

ते खरंच होतं. किती संध्याकाळी मी पर्स उचलून धावत सुटले असेन, आणि माझ्यामागे कोणीतरी माझं गढूळ अल्कोहोल ओतून नवं भरलं असेल. आभाराची अपेक्षा नाही, चिठ्ठी नाही, का तर टाकीत बाजूला जागा होती. माझ्या कामातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी कोणाच्या तरी चांगुलपणाने झाली होती आणि मी मात्र त्याच माणसाचं नाव संशयितांत सगळ्यांत वर घेतलं होतं.

त्या दिवशी समिती गेल्यावर घुम्याचा चहाचा कप टेबलावर दिसला. मी तो उचलला, बेसिनपाशी नेला, साबण लावून घासला, दोनदा विसळला आणि पुसून त्याच्यापुढे ठेवला. सूचनेप्रमाणे सांगितलंही, "तुमचा कप मी धुतलाय."

त्याने कप उजेडात धरून आत पाहिलं.

"तळाशी राहिलंय," तो म्हणाला, आणि उठून पुन्हा धुवायला गेला. जाताना माझाही घेऊन गेला.